दुसऱ्याच्या ओंजळीनं किती दिवस?

२३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ आठवतेय ना? सहा वाजून चार मिनिटांनी आपलं चांद्रयान चंद्रावर उतरलं. घरोघरी टीव्हीसमोर गर्दी, कुकरच्या शिट्ट्यांकडे कुणाचं लक्ष नाही. साड्या नेसलेल्या, गजरे माळलेल्या इस्रोच्या बायका पडद्यावर दिसल्या आणि आपल्यापैकी कितीजणींना उगीचच आपणच काहीतरी केल्यासारखं वाटलं. त्या मोहिमेच्या सहयोगी प्रकल्प संचालक होत्या कल्पना कालाहस्ती. हे नाव नंतर सगळीकडे छापून आलं. पण एक नाव फारसं कुणाच्या तोंडी आलं नाही... इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर!

चांद्रयान ज्या रॉकेटवर बसून गेलं, त्याच्या दोन बाजूंना दोन जाडजूड पांढरे खांब दिसतात. ते बूस्टर. प्रत्येकात दोनशे टनांहून जास्त इंधन. सुरुवातीची दोनेक मिनिटं सगळा भार तेच उचलतात. या बूस्टरच्या पोलादी कवचाचे भाग बनवणाऱ्या मोजक्या कारखान्यांत वालचंदनगरचा कारखाना आहे. म्हणजे बारामतीहून भवानीनगरकडे निघालो, दुतर्फा ऊस, समोर उसाच्या ट्रॉल्या, की तासाभराच्या आत आपण त्या गावात पोचतो, जिथे रॉकेटचं अंग घडतं. ऊस आणि रॉकेट एकाच रस्त्यावर!

हे कसं झालं, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. हल्ली पेपरात ‘तांत्रिक सार्वभौमत्व’, ‘जागतिक मूल्यसाखळी’ असले जड शब्द येतात आणि आपण पान उलटतो. पण हे शब्द आपल्या गोठ्यात आणि बचत गटात कधीच येऊन बसलेत. फक्त आपण त्यांना त्या नावानं ओळखत नाही इतकंच.

वालचंद हिराचंद हे मूळ सोलापूरचे, जन्म १८८२ चा. जे परदेशी लोक आपल्याला विकतात ते आपण का करू नये, हा प्रश्न या माणसाला जन्मभर गप्प बसू देईना. १९१९ मध्ये इंग्रज कंपन्यांची मक्तेदारी असताना सिंदिया कंपनीचं जहाज काढलं. १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढला, जो पुढे सरकारनं घेतला. मग विशाखापट्टणमला जहाजबांधणी, मुंबईला मोटारी. आणि या सगळ्याच्या मध्ये, १९३० च्या दशकात, इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर साखर कारखाना. ब्रिटिश काळातल्या नीरा डाव्या कालव्याचं पाणी होतं, जमीन होती. नव्हती ती यंत्रं. साखर कारखान्याची यंत्रं तेव्हा परदेशातून यायची. एखादा भाग मोडला तर पत्र पाठवा, बोटीची वाट बघा. तोवर तोडलेला ऊस वाळतो, आणि उसाला बोटीचं वेळापत्रक कळत नाही.

मग दुरुस्तीसाठी वर्कशॉप आलं. आधी दुरुस्ती, मग सुटे भाग, मग अख्खी यंत्रं. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. स्वातंत्र्यानंतर वालचंदनगरनं साखर कारखानेच्या कारखाने उभे करून दिले, आफ्रिकेतल्या देशांतसुद्धा. साखरेनंतर सिमेंटची यंत्रं, नौदलाच्या जहाजांचे गिअरबॉक्स.

१८ मे १९७४ ला पोखरणला अणुचाचणी झाली आणि राजस्थानात रावतभाट्याला आपल्याबरोबर अणुभट्टी उभारणारा कॅनडा काम अर्धवट टाकून निघून गेला. दुसरी भट्टी आपल्या लोकांनी चाचपडत, शिकत पुरी केली, ती सुरू व्हायला १९८१ उजाडलं. पुढच्या अणुभट्ट्यांचे अवजड भाग देशातच करणं भाग होतं, आणि ते काम ज्यांच्याकडे गेलं त्यांत वालचंदनगर होतं. ज्या हातांना उसाचा रस उकळायची भांडी करायची सवय, त्यांनीच अणुभट्टीची भांडी केली. (असं म्हटलं की इंजिनिअर मंडळी हसतील. हसू देत. जाड पत्रा वाकवणं आणि सांधा न गळता जोडणं, विद्येचं मूळ तेच.)

रॉकेटचंही तसंच. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचं कवच मॅरेजिंग स्टील नावाच्या पोलादाचं असतं. त्यात जवळजवळ अठरा टक्के निकेल, शिवाय कोबाल्ट, मॉलिब्डेनम. वेल्डिंग करताना ते मऊ वागतं आणि नंतर सुमारे ४८० अंशांवर काही तास तापवलं की कमालीचं कणखर होतं. पावणेतीन मीटर व्यासाचं नळकांडं, पण पत्र्याची जाडी एक सेंटिमीटरही नाही. एक सांधा कच्चा राहिला तर सगळं आकाशात खाक. हे पोलाद हैदराबादच्या ‘मिधानी’ या सरकारी कारखान्यात बनायला लागलं आणि त्याची कवचं मुंबईत आणि वालचंदनगरला. बाहेरून हक्कानं मागावं अशी सोयच नव्हती. रॉकेटचं पोलाद कुणी राजीखुशीनं देत नाही.

आणि जे देतो म्हणतात, तेही कसं देतात बघा. १९९१ मध्ये आपण रशियाशी करार केला होता, क्रायोजेनिक इंजिन आणि ते बनवायचं तंत्र दोन्ही घ्यायचं. १९९२ मध्ये अमेरिकेनं इस्रोवर आणि त्या रशियन कंपनीवर निर्बंध घातले. १९९३ मध्ये रशियानं सांगितलं, तयार इंजिनं सात देतो, तंत्र देता येणार नाही. म्हणजे शेजारणीनं डबाभर चकल्या दिल्या, पण भाजणीचं प्रमाण काही सांगितलं नाही! डबा संपला की पुन्हा तिच्याच दारात. आपल्या लोकांनी ती इंजिनं वापरत वापरत आपली भाजणी जमवायला घेतली. १५ एप्रिल २०१० चा पहिला प्रयत्न फसला. ५ जानेवारी २०१४ ला जमलं. वीस वर्षं लागली!

आता कुणी म्हणेल, मग काय सगळं घरीच करायचं? मुळीच नाही. ते शक्यही नाही. त्या मॅरेजिंग स्टीलमधलं निकेल आणि कोबाल्ट आजही बहुतांशी बाहेरूनच येतं. गहू दळून आणणं आणि गिरणीवाल्यापुढे हात जोडून उभं राहणं यात फरक आहे. गिरण्या दोन-चार असल्या, घरात निदान जातं असलं आणि ते फिरवता येत असलं, तर गिरणीवालाही नीट बोलतो. विकत घेण्यात कमीपणा नाही. एकच दार असणं आणि दुरुस्तीही आपल्याला न येणं, यात हात अडकतो.

हे सगळं डोक्यात ठेवून बारामतीच्या उसाकडे या. कारण उसाच्या बाबतीत आपण एक फार मोठी गोष्ट कमावलेली आहे आणि ती इतकी अंगवळणी पडलीय की कुणाला दिसत नाही. बेणं! शेजारच्या रानातून बेणं आणायचं, तोडायचं, लावायचं. पैसे द्यायचे ते बेण्याच्या वजनाचे, अकलेची रॉयल्टी कुणाला द्यायची नाही. हे असंच नव्हतं. पूर्वी चांगला ऊस म्हणजे जावाचा, डच लोकांनी पैदास केलेला. कोईमतूरच्या सरकारी केंद्रानं त्याच जावाच्या जातीचा आपल्या जातीशी संकर करून को ४१९ हा ऊस काढला, ज्यानं दख्खनच्या कालव्यांखालची शेती पालटून टाकली. ‘को’ म्हणजे कोईमतूर. १९३० च्या दशकात त्या केंद्रात जानकी अम्मल नावाची बाई काम करत होती. ऊस आणि मका यांचाही संकर करून बघणारी, गुणसूत्रांची जाणकार. केरळमधली, अविवाहित, आणि त्या काळात पुरुषांच्या प्रयोगशाळेत पाय रोवून उभी. आज आपल्याकडे सगळीकडे दिसणारा को ८६०३२ हा त्याच परंपरेतला. नीरेजवळच्या पाडेगाव संशोधन केंद्रानं तो महाराष्ट्रात आणला तेव्हा त्याचं नावच ठेवलं ‘नीरा’. म्हणजे वाण आपला, नाव आपल्या नदीचं.

आता त्याच उसात कृत्रिम बुद्धिमत्ता आलीय. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाबरोबर हा प्रयोग केला. २०२४ पासून तो शेतकऱ्यांच्या रानात गेला. जमिनीत सेन्सर, वर उपग्रह, जवळ हवामान केंद्र, आणि मोबाईलवर मराठीत सल्ला... पाणी कधी द्या, खत किती द्या, कीड कुठे दिसतेय. जानेवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे सत्या नाडेला यांनी बारामतीच्या शेतकऱ्यांचं उदाहरण जाहीरपणे सांगितलं आणि जगभर नाव झालं. पाणी आणि खत वाचत असेल तर ते कुणाला नकोय? सगळ्यात आधी बाईच्या डोक्यावरचा भार हलका होतो. रात्रीच्या लाइटला पाणी धरायला जाणाऱ्याची वाट बघत जागणारी तीच असते.

पण रानाचं सगळं गुपित, ओलावा किती, जमीन कुठे चोपण, ऊस कुठे मार खातो, हे साठतं कुठे? कंपनीच्या क्लाउडवर, म्हणजे तिच्या संगणकांत. मी घाबरवायला सांगत नाही. एक घडलेली गोष्ट सांगते. गुजरातेत वाडीनारला नायरा एनर्जी ही मोठी तेलशुद्धीकरण कंपनी आहे, तिच्यात रशियन भांडवल आहे. १८ जुलै २०२५ ला युरोपीय संघानं तिच्यावर निर्बंध घातले. तीन-चार दिवसांत मायक्रोसॉफ्टनं तिच्या सेवा थांबवल्या. ईमेल बंद, निरोपानिरोपी बंद. पैसे भरलेले होते असं कंपनीचं म्हणणं. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि महिना संपता संपता सेवा परत सुरू झाल्या. म्हणजे भारतातली कंपनी, भारतातला कारखाना, भारतातला कायदा, आणि कुलूप लागलं युरोपातल्या एका निर्णयानं!

उसाच्या रानाला कुणी निर्बंध घालायला येणार नाही, हे मलाही कळतं. पण उद्या वर्गणी वाढली तर? गेल्या तीन हंगामांची माझ्या रानाची माहिती मला माझ्या हातात मिळेल का? दुसऱ्या कुणाकडे नेता येईल का? राज्य सरकारनं जून २०२५ मध्ये शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वेगळं धोरण मंजूर केलं, पाचशे कोटींची तरतूद आहे. हे प्रश्न विचारायची वेळ आत्ताच आहे, सवय लागून गेल्यावर नाही. आणि जाता जाता एक, ज्या मोबाईलवर सल्ला येतो तो बहुतेक घरांत कुणाच्या खिशात असतो? सातबारा त्यांच्या नावावर, ॲप त्यांच्या फोनवर, आणि खुरपणीला आपण. हे परावलंबन काही अमेरिकेतून आलेलं नाही.

गोठ्यात मात्र बाईचं राज्य. तिथली गोष्ट तर याहून रंगतदार आहे. गाय माजावर आली की तिला भरवायची. डॉक्टर येतो, नायट्रोजनच्या किटलीतून वाफा निघतात आणि बारीकशी कांडी बाहेर येते. कालवड झाली तर घरात पेढे, गोऱ्हा झाला तर तोंडं उतरलेली. संकरित गोऱ्हा औताला चालत नाही. २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हणून त्याला गिऱ्हाईक नाही. चारा मात्र दोघांनाही सारखाच लागतो आणि तो डोक्यावरून आणायचा कुणी, हे सांगायला नको. म्हणून लिंग-वर्गीकृत रेतन आलं तेव्हा, म्हणजे शंभरातल्या नव्वदेक वेळा कालवडच होणार म्हटल्यावर, बायकांना ते लगेच पटलं. (मुलगीच हवी म्हणून जास्तीचे पैसे मोजायची ही एकच जागा आपल्याकडे, असं मनात येतं खरं!)

ते होतं कसं? मादी वासरू ज्यातून होतं त्या शुक्राणूत डीएनए जवळजवळ चार टक्के जास्त असतो. रंग लावून, लेसरखालून एकेक थेंब सोडून, त्या चमकेतला फरक ओळखून वेगळं करायचं. मूळ संशोधन अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेतलं. पण पेटंट हळूहळू एका अमेरिकी कंपनीच्या हातात एकवटली. जगभरच्या वळू केंद्रांना तिच्याच यंत्रावर काम करून घ्यावं लागे, मोबदला ती ठरवील तो. ब्रिटनच्या जीनस या बड्या कंपनीलाही ते जाचलं. तिनं २०१४ मध्ये अमेरिकेत दावा लावला आणि २०१६ मध्ये तिथल्या ज्यूरीनं मक्तेदारीचा मुद्दा मान्य केला. एवढ्या मोठ्यांची ही कथा, मग इंदापूरच्या तीन गायीवालीचं काय! साध्या कांडीच्या कित्येक पट पैसे, आणि त्यातला एक वाटा समुद्रापार.

५ ऑक्टोबर २०२४ ला वाशिमला पंतप्रधानांच्या हस्ते देशी तंत्र सुरू झालं. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं ते उभं केलं, यंत्राचं नाव ‘गौसॉर्ट’. दर मात्रेमागे सुमारे दोनशे रुपये वाचावेत असा हेतू सांगितला गेला. दोनशे रुपये म्हणजे काही चंद्रावर जाणं नाही. पण आता दुसरं दार उघडलं, ही खरी बातमी. दुसरं दार असलं की पहिल्या दारातला माणूसही नरमतो.

हे आपल्याला पूर्वीही जमलेलं आहे. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये बाएफ संस्था काढली. परदेशी जातींचं रेतन, गोठवायचं तंत्र, सगळं बाहेरून शिकून घेतलं. पण कांड्या इथेच भरल्या आणि सायकल-मोटारसायकलवरून दारात पोचवल्या. आज पुणे जिल्ह्यात जे दूध वाहतं त्याच्या मुळाशी ती किटली आहे. एक सांगून ठेवते, कांडीवर वळूचा नंबर, जात, तारीख, केंद्राचा कोड छापलेला असतो. गाय भरवली की रिकामी कांडी मागून घ्या आणि वहीत तो नंबर लिहून ठेवा. पुढच्या पिढीला त्याच वळूचं रेतन चुकून दिलं गेलं तर नुकसान आपलं. ही वही मात्र कुठल्या क्लाउडवर नाही, आपल्या फळीवर.

बारामतीच्या एमआयडीसीबद्दल लिहायला हवं खरं तर. पियाजिओच्या तीनचाकी, फेरेरोची चॉकलेटं, इटलीच्या दोन कंपन्या इथे आहेत. तालुक्यातल्या मुलींना पगाराची नोकरी गावाजवळ मिळाली, ही गोष्ट लहान नव्हे. पाककृती कंपनीची, हात आपले, हा सौदा मुलींना माहीत आहे. त्यावर सविस्तर पुन्हा कधीतरी.

आज बचत गटातल्या मैत्रिणींना ड्रोनचं सांगायचंय. ‘नमो ड्रोन दीदी’ योजना नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झाली. देशभरात पंधरा हजार बचत गटांना फवारणीचे ड्रोन, किमतीच्या ऐंशी टक्के, जास्तीत जास्त आठ लाखांपर्यंत मदत. नऊवारी नेसलेली बाई ड्रोन उडवतेय, असे फोटो छान येतात. सरकारनं ९ फेब्रुवारी २०२२ ला परदेशी तयार ड्रोनची आयात बंद केली, पण सुटे भाग आणायला मुभा ठेवली. ती ठेवावीच लागली. मोटर, बॅटरी, उड्डाण सांभाळणारी चकती, यातलं बरंच काही अजून बाहेरून येतं. मोटरमधल्या चुंबकाला जे दुर्मीळ धातू लागतात त्यांतल्या काहींवर चीननं एप्रिल २०२५ मध्ये निर्यात परवाने लावले, आणि त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात आपल्या पुण्याच्या बजाजला इलेक्ट्रिक स्कूटरचं उत्पादन कमी करावं लागलं. बिस्किटाएवढी चुंबकं आली नाहीत म्हणून!

चुंबकाचं काय करायचं ते दिल्लीनं बघावं. आपल्या हातातलं एक आहे. योजनेत गटातल्या एका बाईला पंधरा दिवसांचं प्रशिक्षण आहे, ड्रोन उडवायचं आणि फवारायचं. त्याखेरीज आणखी एकाला तंत्रज्ञ-सहायक म्हणून दुरुस्तीचं छोटं प्रशिक्षण आहे. त्यासाठी गटातलीच दुसरी सदस्य किंवा घरातलं कुणी, ज्याला विजेच्या वस्तू, फिटिंग वगैरेची आवड आहे, अशी सोय ठेवलीय. हे ‘घरातलं कुणी’ म्हणजे कोण, ते मी सांगायला नको. पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर न विचारताच कुणाकडे जातो, हे प्रत्येक घराला माहीत आहे. मग ऐन फवारणीत पंखा अडकला, की उडवणारी बांधावर बसून राहणार आणि ‘ते’ तालुक्याहून कधी येतात याची वाट बघणार.

वालचंदनगरला आधी दुरुस्तीचं वर्कशॉप आलं होतं, रॉकेट नंतर. तुमच्या गटाचा अर्ज जायचा असेल तर त्या दुसऱ्या रकान्यातही बाईचंच नाव लिहा. मिक्सर उघडून बघणारी, शिलाई मशीनचं शटल स्वतः बसवणारी एक तरी प्रत्येक गटात असतेच. तिला विचारा.